मूळ गाव

पाटी चार बाय सहाची, पत्र्याची.
सरपंचबाई म्हणाल्या, पांढऱ्यावर निळं कर,
खाणीच्या वसाहतीतल्या जुन्या माणसांचा सत्कार आहे
बतकम्माच्या आदल्या सांजेला.
रकाने तीन: नाव, काम, मूळ गाव.

ओदेलू उठून उभा राहिला नाव सांगायला
आणि तोंडातून आधी टोकन निघालं, चारशे सतरा.
मग स्वतःच हसला.
ते नको लिहू रे, ते कंपनीचं होतं.

मोंडय्या मास्तर दिवसा पोरांना बाराखडी शिकवत
आणि रात्री कंदिलाशी बसून
त्याच पोरांच्या बापांना पगाराची चिठ्ठी वाचून दाखवत,
कुठे किती कापलं ते बोट ठेवून.
एवढं रकान्यात मावेना.
मी नुसतं ‘शिक्षक’ लिहिलं.
अजून खटकतं.

लसुमक्काची खानावळ सगळ्यांना ठाऊक.
आपल्या अंबाडीला ती गोंगूर म्हणायची,
आणि उधारीची वही
दर दिवाळीला चुलीत घालायची.

शेवटी सम्मक्का, सुईण.
वसाहतीतली अन् गावातली अर्धी पोरं तिच्या हातची.
मी पण.
नाव विचारलं, सम्मक्का ऱ्हस्व की दीर्घ,
तर म्हणे, मले का मालूम बाप्पा,
आजवर अंगठाच देल्ला.

‘मूळ गाव?’

ब्रशवरचा निळा थेंब
माझ्या चपलेवर पडला तरी ती बोलली नाही.
मग म्हणाली, धरणात गेलं.
पाण्याच्या खाली का लिहितं तू?
राहू दे रिकामं.

रिकामं कसं ठेवू?
दुपारी वर्धेच्या काठाकडे गेलो, पाय मोकळे करायला.
बांधावर तरवड फुललेला, पिवळाधम्म.
उद्या याच फुलांची उतरंड रचून
बाया टाळ्या देत गोल फिरतील,
तंगेडु, तंगेडु म्हणत.
तिचा तंगेडु आणि माझा तरवड
एकाच बांधावर, एकाच मुळाचा,
आणि मी चाळीस वर्षं तो बकऱ्यांना हाकलायला मोडत आलो.

त्या जागी एक फूल काढलं. पाच पाकळ्या.

सत्काराला सम्मक्कानं शाल लगेच घडी करून पिशवीत टाकली,
नारळ नातवाला दिला,
आणि पाटीजवळ येऊन पिवळ्यावर बोट टेकवलं.
रंग ओला होता. लागला बोटाला.
अंगठ्याला नाही.

सरपंचबाई विचारत होत्या, हे काय मधेच?
म्हटलं, गाव आहे.
पिवळ्या रंगाचे पैसे बिलात धरले नाहीत.