तीन ओळींचा रेट

पावसाळ्यात पाटी वाळत नाही,
म्हणून जून ते ऑगस्ट आप्पा मोकळाच असतो.
तेवढ्यात मी जाऊन आले.
विद्यापीठाचा कोर्स, सहा आठवडे, चित्रकला आणि प्रवास.
तिकडं उन्हाळा होता,
इकडं खानापुरात शेडच्या पत्र्यावर
दिवसरात्र कुणीतरी तांदूळ पाखडत होतं.

पैसे कसे जमले विचारू नका.
अर्धे त्यांनी माफ केले. उरलेल्यात
भिशीचे दोन नंबर, आईच्या बिलवरांतलं एक,
आणि नंदगडच्या शाळेची भिंत
जी आप्पानं उधारीवर रंगवली होती,
तिचे पैसे आले.
अकरा वर्षांनी.

पहिल्या दिवशी कोळसा हातात दिला.
सातव्या वर्षापासून मी काठीवर मनगट टेकून
रेघ ओढत आले आहे,
'येथे शुद्ध तूप मिळेल' मधल्या 'शु'चा उकार
श्वास रोखून.
लुचिआनाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या,
म्हणाल्या, फार स्वच्छ आहे.
एवढी का घाबरतेस?
बाकीच्यांना रेघ सरळ येत नव्हती,
मला वाकडी.

नकाशा लावला होता, आपापलं गाव दाखवा.
मी बोट ठेवलं.
बोटाखाली दोन राज्यं झाकली गेली.

चौथ्या आठवड्यात बसनं उत्तरेला, डोंगरात.
बोल्झानोच्या पुढं एका वळणावर
गावाच्या नावाची पाटी. एकच गाव,
तीन भाषा, तीन ओळी.
मी ओरडलेच, थांबवा.
सगळ्यांना वाटलं, मला उलटी होणार.

फोटो आप्पाला धाडला.
त्याचा आवाज रात्री आला, मागं पाऊस:
'अक्षर बरं हाय गे.
खरं मधली ओळ बघ, शेवटाला येऊन कोंबलीय.
माप न काढताच सुरू केलंय कुणीतरी.
आणि विचार की त्यास्नी,
तीन ओळींचा रेट घेतात काय एकाचाच?
जेवलीस काय?'

विचारायला ड्रायव्हरच होता, त्याच भागातला.
त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही.
त्यानं पाटीकडं बोट केलं, मग रात्र दाखवली
डोळे मिटून,
मग हवेत रुंद ब्रश फिरवला,
डावीकडून उजवीकडं, एका दमात.
मी तो हात ओळखला.
आमच्या गल्लीत तो हात फिरून गेला
की दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पाला बोलावणं येतं,
आणि आप्पा रॉकेल, चिंध्या घेऊन जातो,
कुणाचं काळं, कुणी फासलं, विचारत नाही.
मी तोच ब्रश उलटा फिरवून दाखवला.
ड्रायव्हर हसला, जरा उशिरानं.
मग बसचा हॉर्न उगीचच दोनदा वाजवला.

परत आले तर बॅगेत एकोणतीस चित्रं,
आईनं ती गादीखाली सपाट केली.
बहुतेक हातच आहेत. काठी धरलेले.
आप्पानं एकेक बघितलं, उजेडाकडं धरून,
नोट खरी आहे का बघावी तसं.
बोलला नाही काही.

गणपतीच्या आधी ऊन पडलं एक दिवस.
लोंढ्याच्या बेकरीची पाटी होती,
वर कन्नड मोठं, खाली मराठी.
'वरची ओळ तू घाल,' म्हणाला
आणि काठी पुढं केली.
मी काठी घेतली, भिंतीला टेकवून ठेवली.
मोकळ्या हातानं 'बे' सुरू केला.
पोटाशी वळताना ब्रश किंचित हलला.
त्याला दिसलं. त्याला सगळंच दिसतं,
पन्नास फुटांवरून.

पुसू? मी विचारलं.
तो रस्त्याकडं बघत राहिला,
एक ट्रॅक्टर जाईपर्यंत.
'आता असू दे,' म्हणाला. 'वाळू दे.'

संध्याकाळी पुन्हा आभाळ भरलं.
वाळायला चार दिवस लागले.