अकरावं कलम

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्बिलिसीहून कागद आला,
तेरा कलमं, खाली गोल शिक्का.
मी तो व्यायामशाळेच्या दाराला चिकटवला,
चारही कोपरे दाबून,
कारण तेलावीचा वारा कुणाला काही धड वाचू देत नाही.

मी इथला राखणदार.
काम एवढंच वाढलं:
पोरांच्या कपाळावर तापाची बंदूक धरायची
आणि आकडा वहीत मांडायचा.
पहिल्या दिवशी पोरांनी हात वर केले, हसत.
तिसऱ्या दिवसापासून कुणी हसेना.

हस्तांदोलन नाही. आरडाओरडा नाही.
शिट्टीत फुंकर असते, म्हणून शिट्टीही नाही.
अंझोर मास्तर कागदापुढे बराच वेळ उभे राहिले.
चाळीस वर्षं ज्युदो शिकवलेला माणूस.
म्हणाले, ‘दोन हात करायचे,
ते चार हात लांब राहून?’
आणि स्वतःचेच हात खिशात घातले.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं.
पोरं हवेला धरत होती, हवेला आपटत होती.
नेस्तान एकटीच कमरेत वाकायची,
नसलेलं ओझं पाठीवर घ्यायची,
आणि जाळीजवळ, खडूनं आखलेल्या आपल्या चौकोनात
लिया उलट्या बाजूनं तेच करायची.
सहा वर्षांची जोडी.
इकडे एकीनं फेकलं की तिकडे दुसरी
कुणी हात न लावता पडायची.
आवाज मात्र खरा यायचा.

अकराव्या कलमात फट होती:
एकाच घरातल्या माणसांना स्पर्शाची मुभा.
नेस्ताननं दुसऱ्याच दिवशी आईला आणलं.
त्सिआला. बाजारामागे तिची भट्टी,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी;
आत कमरेपर्यंत वाकून
ती भिंतीला पाव थापते, दिवसाला चारशे.
कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा.
मॅटवर चढताना म्हणाली, ‘मला यातलं काही कळत नाही हं.’
नेस्ताननं गळपट्टी धरली, पाय घातला.
नेमका तेव्हाच मी वहीत बघत होतो.
मान वर केली तर नेस्तान उताणी
आणि आई घाबरून विचारतेय,
‘लागलं का गं? मी नुसती वाकले.’
मास्तर मास्कआड हसले असावेत. डोळे तसे झाले.
मॅटवर पिठाचे दोन पंजे उमटले होते.
सातव्या कलमाप्रमाणे ते ताबडतोब पुसायचे.
पुसले. सावकाश पुसले.

लिया जाळीपाशीच उभी होती.
बाप हॉस्पिटलात,
आई इटलीत, कुणा परक्या म्हातारीला न्हाऊ घालते,
विमानं बंद.
घरात लिया आणि एक मांजर,
ते काही तिच्या वजनगटात बसत नाही.

जाताना त्सिआला खुणेवर थांबली,
कागदाकडे बोट दाखवून म्हणाली,
‘एकाच घरातली, असं लिहिलंय.
किती रात्री झोपलं की माणूस एका घरातलं होतं?’

मी तेराही कलमं वाचली.
मागची बाजूही पाहिली, ती कोरी होती.
मास्तर म्हणाले, डॉक्टरीणबाई चौदा सांगतात.
त्या कशाचे चौदा सांगतात,
ते आम्ही दोघांनीही बोललो नाही.

चौदा रात्री लिया पिठाच्या कोठीत झोपली.
ताट दाराबाहेर.
भिंतीला टेकून नेस्तान पलीकडे बडबडत बसायची,
असं त्सिआलाच सांगत होती,
पाव बांधून देताना, दोरीला लोंबत्या टोपलीतून.

पंधराव्या सकाळी दोघी आल्या.
बंदूक धरली: छत्तीस पूर्णांक चार,
छत्तीस पूर्णांक सहा.
वहीत पत्त्याचा एक रकाना असतो.
नेस्तानपुढे मी भट्टीची गल्ली लिहिली.
लियापुढे पेन जरा अडलं,
मग काढली दोन टिंबं,
वरच्याप्रमाणेच, या अर्थाची.

आत मॅटवर कुणीतरी धाडकन पडलं.
कोण, ते आवाजावरून कळलं नाही.