सांधा

दुकानाची साइट भाच्यानं केली,
दुबईला जायच्या आदल्या आठवड्यात.
चार फोटो, दरपत्रक,
नकाशावर मिरजेतल्या आमच्या गल्लीची लाल टाचणी.

माझी वही मात्र वेगळीकडे होती.
कुठला भोपळा कुठून आला, किती महिने वाळला,
कुणाच्या सतारीची जवारी कितव्यांदा काढली,
रात्री फोनवर एका बोटानं टिपलेलं.
कुणी वाचलेलं नाही.
ती दुकानाला जोडायची होती.

भाचा म्हणाला, मामू, त्याला कोड लागतो.
माझं शिक्षण सातवी, आणि पुढं पटाशी.

पण सांधा कळतो मला.
भोपळा, दांडी, मधे तुणाचा गुलू.
खिळा मारत नाहीत.
सरस, दोरीचा आवळ,
आणि रात्रभर हात न लावणं, जे सगळ्यात अवघड.

झेरॉक्सवाली नाझनीन म्हणाली,
कोड कशाला, चाचा?
एक ओळ इथून उचलायची, तिथं चिकटवायची.
चिकटवायची म्हणाली, तेव्हा मी चष्मा पुसला.

चिकटलं. पण भलतीकडे.
दरपत्रकात, तानपुऱ्याच्या किमतीखाली उगवलं:
'यंदाचा भोपळा अजून ओला आहे. घाई करू नये.'

नाझनीन हसत सुटली. काढते म्हणाली.
म्हटलं, राहू दे आजची रात्र,
ताजा सांधा हलवू नये.

सकाळी बेळगावहून एका बाईंचा फोन.
किंमत नाही विचारली.
म्हणाल्या,
वाळला का हो?