सातच्या गोळ्या

दर सहाव्या मंगळवारी आमची गाठ पडे,
म्हणजे माझी आणि त्या गाठीची.
हेर तेट्सनर खुर्चीत बसत, मी मानेभोवती कापड गुंडाळायची,
आणि भोवऱ्याच्या जरा डावीकडे
कंगवा आपोआप सावकाश होई,
खड्डा पाठ असलेल्या सायकलसारखा.

सुरुवातीला मसुरीएवढं होतं.
भिंत पडली त्या वर्षी वाटाण्याएवढं.
मग चेरीची बी. मग चेरी.
आवाळू. आमच्या बोलीत त्याला लापशीची पिशवी म्हणतात,
आणि आत खरंच तसंच असतं, वास सोडला तर.
ना दुखे, ना खुपे.

आंक्ये, माझी भावजय, इस्पितळात नर्स.
म्हणाली, भूल द्यायची, चीर द्यायची, पिशवी अख्खी काढायची,
चिंधी जरी आत राहिली तरी पुन्हा भरते.
वीस मिनिटांचं काम.

पण गुड्रूनबाईंनी त्यांना फ्राउ उलिशकडे नेलं,
चर्चमागच्या जिन्याने, एकशे चार पायऱ्या.
तिथवर चढू शकणारा माणूस बराच असतो, मी म्हणाले होते.
हसल्या नाहीत.

फ्राउ उलिशनी गाठीला बोटही लावलं नाही.
विचारलं: पायांना घाम येतो का?
झोपताना टोपी लागते का?
मानेवर झुळूक सोसते का?
लहानपणी कुणी काही नेलं का, जे परत आलं नाही?
या शेवटच्या प्रश्नाला हा माणूस
दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसला.
बत्तीस वर्षांच्या संसारात मला हे विचारायचं सुचलं नाही हो,
गुड्रूनबाई म्हणाल्या, केसांना रंग लावून घेताना.

औषध निघालं सिलिशिया. म्हणजे गारगोटी.
आता गंमत बघा.
माइसेनच्या चिनी मातीच्या कारखान्यात
या माणसाने चाळीस वर्षं गारगोटीच दळली.
भुवयांत गारगोटी, बुटांत गारगोटी, डब्यातल्या पावावर गारगोटी.
मी डोकं धुतलं की बेसिनच्या तळाशी पांढरी साय बसायची.
तीच गारगोटी दुधाच्या साखरेत खलायची,
पातळ करायची, पुन्हा पातळ, आणखी पातळ,
इतकी की शेवटी ती राहतच नाही,
ती होती, एवढंच राहतं.
मग उरतं काय? आंक्ये विचारते. साखर!
मी गप्प. माझं काम केसांचं.

संध्याकाळी सातला पाच गोळ्या, जिभेखाली.
कॉफी वर्ज्य. पुदिना वर्ज्य. माझं कापराचं टॉनिकसुद्धा.
गुड्रूनबाई बाटलीच्या झाकणातच गोळ्या मोजत, हात न लावता,
आणि किराण्याच्या वहीत मागून लिहीत:
३ मार्च, तेवढंच.
२ एप्रिल, तेवढंच.
१९ जून, किंचित मऊ?
ते प्रश्नचिन्ह दाखवायला त्या मुद्दाम दुकानात आल्या,
नवऱ्याला पुढे घालून.
मी चाचपलं. हो, म्हणाले.
खोटं बोलले की काय, माझं अजून ठरत नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्या गेल्या. एल्बच्या काठाला बर्फ धरलं होतं.
एप्रिलमध्ये हेर तेट्सनर एकटेच
आंक्येच्या वॉर्डात जाऊन बसले, कुणाला न सांगता.
वीस नाही, पंचवीस मिनिटं लागली.
पिशवी अख्खी निघाली, पांढरी, गुळगुळीत,
भट्टीतून आत्ता काढल्यासारखी.
ट्रेमध्ये वाकून पाहिलं म्हणे त्यांनी,
आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाले,
दुसऱ्या प्रतीचा माल. कडेला डाग आहे.

आता तिथे नखाएवढा व्रण. केस येत नाहीत.
कंगवा अजून त्या जागी सावकाश होतो,
त्याला कोण सांगणार?

परवा दुकान बंद करता करता विचारलं,
कॉफी ठेवू का? आता काय हरकत आहे?
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात.
कोटाच्या खिशात काहीतरी बारीक खुळखुळलं.
नको, म्हणाले,
सातला घ्यायच्यात.