चौदा झाडं

मेलबर्नहून परतलो त्या आठवड्यात
स्रवंतीचा मेल आला. सोबत सर्टिफिकेट,
वर हिरव्या पानाचा शिक्का:
श्री. अंबादास येमूल यांच्या नावे झाडे चौदा,
बोरामणीच्या पुढे, माळावर.
खाली तिनं लिहिलेलं, 'विमानाचा धूर फिटला, बाबा.'

एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जमा-नावे लिहिली.
व्हाउचर बघितल्याशिवाय
चहाचे सहा रुपयेसुद्धा कधी खर्ची टाकले नाहीत.
म्हणून रविवारी गाडीला किक मारली.

हैदराबाद रस्ता. एप्रिल. त्रेचाळीस.
माळावर काठ्या, काठ्यांना सुतळ्या,
काही सुतळ्यांना झाड होतं.

राखणदार रेवणसिद्ध टाकीच्या सावलीत आडवा.
"माझी चौदा कुठली?" मी कागद उलगडला.
त्यानं माशी हाकलल्यासारखा हात फिरवला.
"हीच की. मागल्या ऐतवारी पुण्याचं सायेब आल्तं,
त्येनाबी हीच दाखिवली."

मग पहिली ओळ मोजली. सवय.
करंज नऊ. लिंब तीन,
त्यातला एक शेळीनं अर्धा केलेला,
तो अर्धा धरायचा का पूर्ण?
शेवटच्या करंजाला तांबूस फुटवा होता,
जिला बघायला एवढ्या लांब उडालो
त्या नातीच्या मुठीएवढा.
का कोण जाणे, त्याच्यापुढे उकिडवा बसलो.
बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं.
माती चर्र झाली, लगेच कोरडी.

येताना मार्केट यार्डाजवळ पंपावर थांबलो.
जाऊन-येऊन लिटरभर.
पावती अजून खिशात आहे,
कुठल्या खात्याला टाकायची ते ठरत नाही.