डबा बदलला तरी

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, धरत नाही.
पंपाची ती बारीक भुणभुण
कधी येते, कधी नाही.
धनपाल मगदूम बॉनेटवर हात ठेवून उभा,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा.
२००४ ची व्हर्सा.
कंपनीनं बनवायची बंद केली,
यानं चालवायची केली नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी
कवलापुरातून, बुधगावातून चार माणसं
मिरजेला नेतो, रक्त धुवायला.
पहाटे पाचचं मशीन.
पुढच्या सीटवर पारिसअण्णा,
मांडीवर पाण्याची बाटली, मोजून अर्धी,
संध्याकाळपर्यंत पुरवायची.

मी म्हणालो, कॉम्प्युटर गेला.
हे मीच म्हणालो, म्हणून आधी सांगून टाकतो.
पंचवीस वर्षं कुपवाड फाट्यावर वायरी सोलतोय,
तरी उत्तर सापडेना झालं
की बोट जातं सगळ्यात महागाच्या वस्तूकडे.

कोल्हापूरच्या भंगारातून डबा आला,
अ‍ॅल्युमिनियमचा, वहीएवढा,
नऊ हजाराला, परत न घेण्याच्या बोलीवर.
नंबर जुळत होता, शेवटचं अक्षर सोडून.
भंगारवाला म्हणाला, चालतंय की.

लावला. किल्ली फिरवली.
धरलं!
दोन सेकंद.
धनपालच्या चेहऱ्यावरही तेवढेच दोन.
मग बंद, आणि मीटरमध्ये किल्लीचं लाल चित्र
लुकलुक, लुकलुक.
या डब्याला दुसरीच किल्ली ठाऊक होती.
कुणाची, कुठल्या गाडीची,
ती गाडी कुठल्या घाटात चेपली,
ते काही डब्यावर लिहिलेलं नव्हतं.
परक्या डॅशबोर्डखाली, परक्या करंटवर
तो आपल्या माणसाला विचारत होता.
मला त्याचा राग येईना.

स्कॅनर लावला, तो बोलेना.
शोरूमला फोन केला, तिथली मुलगी म्हणाली,
काका, हे मॉडेल आमच्या सिस्टीमलाच दिसत नाही.
शुक्रवारी धनपालनं भाड्याची गाडी केली.
चौघांकडून जादा पैसे घेतले नाहीत.
तो नाही बोलला, त्याच्या बायकोनं सांगितलं.

रात्री जुना डबा उघडून बसलो.
वाटलं होतं, काहीतरी जळकं दिसेल,
फुगलेला कपॅसिटर, निदान वास तरी.
काही नाही. हिरवी पाटी, त्यावर चांदीचे ठिपके,
एकही डाग नाही.
झाकण लावून टाकलं. बघवेना.

शबाना, माझी पोरगी, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला.
म्हणाली, अब्बा, अर्थिंग सेल्फ मारताना मोजलंत का?
मोजलं होतं. गाडी बंद असताना.
उभ्या गाडीत सगळ्याच वायरी शहाण्या असतात.

तिनं मीटरची एक तार बॅटरीला धरली,
दुसरी डब्याच्या अर्थिंगला.
मी सेल्फ मारला.
शून्याच्या जवळपास पाहिजे होतं.
एक पॉइंट नऊ.

वायर वरून काळी, तुकतुकीत.
सोलली, तर आत हिरवी भुकटी.
पुराच्या साली ही गाडी सांगलवाडीत
पाहुण्यांच्या दारात तीन दिवस
सीटपर्यंत पाण्यात उभी होती.
कृष्णा सगळीकडून ओसरली,
या वीतभर तांब्यातून
ओसरायची राहिली होती.

दहा नंबरचा पाना. पॉलिश पेपर.
चार फूट वायर, लग एक.
जुना डबा परत त्याच्या जागी.
पंप भुणभुणला,
आणि इंजिननं धरलं ते सोडलंच नाही,
शबानानं शेवटी किल्ली काढून घेतली.

बिल ऐंशी रुपये.
नऊ हजार मी माझ्या अंगावर घेतले,
त्यावरून धनपाल आणि मी अजून भांडतो.

मंगळवारी पहाटे फाट्यावरून
दोन छोटे हॉर्न आले.
मी अंथरुणातच होतो.
तिसरा गिअर पडलेला ऐकला, मग चौथा.

भंगारातला डबा शेल्फवर आहे,
स्क्रूच्या बरण्यांशेजारी.
शबाना म्हणते, विकून टाका अब्बा,
कुणालातरी चालेल की.