रकाना रिकामा ठेव

शार्दूल, तू सोमवारी महापेच्या ऑफिसात रुजू होशील.
लॅपटॉप मिळेल, ओळखपत्र मिळेल,
पासवर्ड दर पंचेचाळीस दिवसांनी बदलावा लागेल.
बाकीचं मी लिहून ठेवते,
कारण तोंडी सांगायला गेले की चिडते.

पहिल्याच आठवड्यात बेलापूरला जा,
दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर.
एसीत, नव्या फोनवर, सगळीच ॲपं चांगली चालतात.

आपलं ॲप मासळीच्या हिशेबाचं:
कुठली होडी आली, पाटीत काय, कोणाला किती गेलं.
माझं बटण होतं नखाएवढं, फिकट राखाडी.
बैठकीत सगळे म्हणाले, काय नाजूक दिसतंय.
भानूमावशीने कोलंबीच्या पाण्यातला अंगठा
तीनदा टेकवला त्यावर,
मग पदराला पुसून चौथ्यांदा.
"तुजा बटन बारीक हाय गो," म्हणाली,
"नि उनान तं दिसंच नाय."
टोपलीशेजारी उकिडवी बसून
मी बटण दुप्पट केलं, रंग गडद केला.
समोरचा अंगठा कोरडा असेल असं धरून चालू नकोस.

देवनागरीला ओळीच्या खाली-वर जागा सोड.
मुडदुशीचे दोन्ही उकार आम्ही कापले होते,
आणि मडदशी नावाची मासळी
त्या खाडीत आजवर कोणी पाहिलेली नाही.

पुलाखाली रेंज जाते.
म्हणून आधी फोनमध्येच लिहून ठेव,
सर्व्हरला सावकाश कळव.
आणि प्रत्येक नोंदीला जन्मतःच तिची खूण दे,
म्हणजे पुन्हा पाठवली तरी ती तीच राहील.
आम्ही दिली नव्हती.
एकच जिताडा तीनदा विकला गेला,
रेंज आल्या आल्या, एका दमात.
मावशी हसून हसून दमली. "आसा जिताडा मना पन दे."
सीवूड्सचा खानावळवाला, ज्याला तीन बिलं गेली,
तो हसला नाही.

"काहीतरी चुकलं" असं कधी लिहू नकोस.
चुकलंय हे तिला दिसतंच आहे.
आता तिने काय करायचं, तेवढं सांग.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

गेल्या आश्विनात एका रात्री वारा फिरला.
सकाळी चार होड्या आल्या.
पाचवी, मावशीच्या धाकट्याची, आली नाही.
माझ्या पडद्यावर तिच्या नावासमोर: ०.
डेटाबेसमधून काहीच आलं नाही, की मी शून्य दाखवायचे.
बेरीज मोडत नाही, ॲप कोसळत नाही,
कोड आटोपशीर राहतो.
असं कुठेतरी शिकले होते, पुढे शिकवतही होते.

मावशीने फोन माझ्या तोंडासमोर धरला.
"ह्यो सून्य पुस."
मी म्हटलं, मासळीची नोंद नाही, म्हणून शून्य.
"सून्य म्हंजे होरी आली नि काय गावला नाय.
माजी होरी आजून आलीच नाय.
आलीच नाय, तिला सून्य कसा लिवतस?"

पंधरा वर्षं या दोघांतला फरक
मी मुलाखतीत विचारत आले आहे.
उत्तर पाठ होतं.

जाळ्यांच्या ढिगावर बसून तो रकाना रिकामा केला.
खालची बेरीज मोडली. मोडू दिली.
मावशी मधूनमधून फोन उघडायची,
रिकामी जागा बघायची, बंद करायची.

साडेदहाला होडी आली,
इंजिन बंद पडलेलं, दुसरीच्या दोराला बांधून.
पोरगं उतरलं, पाणी मागितलं.
पाटीत काही नव्हतं.
मावशीने फोन उघडला आणि स्वतः,
ओल्या अंगठ्याने, मोठ्या बटणावर,
शून्य भरलं.

शुक्रवारी संध्याकाळी काही रिलीज करू नकोस.
जेट्टीवर जाताना जुने बूट घाल.